दुचाकीस्वाराचा राग : कारण, कायदा आणि काबू

गंगाखेड : संत जनाबाईंचे जन्मगाव असलेल्या गोदावरीकाठच्या गंगाखेडला परभणी, परळी, पालम आणि सोनपेठ या चारही बाजूंचे रस्ते येऊन मिळतात. बाजार, न्यायालय, दवाखाना, महाविद्यालय, बँक अशा प्रत्येक कामासाठी आसपासच्या खेड्यांतील माणूस मोटारसायकलवरच शहरात येतो. मागे पत्नी, मध्ये मूल आणि टाकीवर पिशवी अशी ही प्रवासाची नित्याची पद्धत. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की याच रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीमागे अडकलेली एखादी कार अधीर होऊन उजवीकडे बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या दुचाकीच्या थेट अंगावर येते. कारला आपल्या बाजूला परतण्याची घाई नसते. जागा दुचाकीस्वारानेच करून द्यायची, असे तिने गृहीत धरलेले असते. दुचाकी साइडपट्टीवर उतरते, खडीवर चाक घसरते, कसाबसा तोल सावरला जातो. तोवर कार निघून गेलेली असते. मागे उरतो तो धूळ खाल्लेला चालक आणि त्याच्या मस्तकात गेलेली तिडीक.

या तिडिकेचे पुढे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता स्वभावाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुरक्षिततेचा आहे. कार निघून गेल्यानंतरची पाच-दहा मिनिटे ही दुचाकीस्वारासाठी त्या प्रसंगाइतकीच धोक्याची असतात, आणि त्या वेळात होणारी चूक कारचालकाची नसते, ती त्याची स्वतःची असते.

आधी भीती, मग राग

कारचालकाचा राग आणि दुचाकीस्वाराचा राग यांत मूलभूत फरक आहे. कारमधील माणसाला कोणी आडवे आले तर त्याचा खोळंबा होतो, फार तर गाडीच्या पत्र्याला पोचा पडतो. दुचाकीवरील माणसाला पत्राच नाही. दीड टनाच्या आसपास वजनाचे वाहन सव्वाशे किलोंहूनही हलक्या मोटारसायकलच्या हातभर अंतरावरून जाते तेव्हा पहिली जी लहर अंगातून जाते ती रागाची नसून मरणभयाची असते. शरीर क्षणार्धात सज्ज होते, अॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. धोका टळतो, पण अंगातील ही सज्जता लगेच ओसरत नाही. भ्यालो असे स्वतःशी कबूल करणे कोणालाच आवडत नाही. मग तीच धडधड संतापाच्या नावाने ओळखली जाते.

जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात या उरलेल्या उत्तेजनेचा अभ्यास केला. एका कारणाने चेतवलेले शरीर पुढच्या, अगदी क्षुल्लक कारणावरही अधिक तीव्रतेने भडकते, असे त्यांनी दाखवून दिले. कारने कट मारल्यावर पुढच्या चौकात संथपणे रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धावर ओरडले जाते, किंवा घरी पोहोचल्यावर मुलांवर आवाज चढतो, त्याचे मूळ येथे आहे.

अमेरिकेतीलच कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील जेरी डेफेनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वाहनचालकांचा राग मोजण्यासाठी ३३ प्रसंगांची एक प्रश्नावली तयार केली. त्यातून रागाची सहा कारणे पुढे आली : शत्रुत्वाचे हावभाव, नियमभंग, पोलिसांची उपस्थिती, संथ वाहने, असभ्य वर्तन आणि रस्त्यातील अडथळे. ही प्रश्नावली मुख्यतः मोटारचालकांवरून बेतलेली होती. गंगाखेडच्या रस्त्यावर ती वापरायची झाल्यास अपमान हे सातवे कारण तीत घालावे लागेल.

दिसला नाही की मोजला नाही?

प्रत्येक दुचाकीस्वाराच्या मनात अशा प्रसंगी एकच वाक्य येते : ‘याला मी दिसलो नाही काय?’ वाक्य प्रश्नार्थक असले तरी उत्तर आधीच ठरलेले असते. दिसलो, पण मला त्याने मोजले नाही, असे मानूनच राग पुढे सरकतो. या ठिकाणी थोडे थांबून पाहणे उपयोगाचे आहे.

मोटारसायकल अपघातांचा सर्वांत गाजलेला अभ्यास लॉस एंजलिस परिसरात झाला. हॅरी हर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केल्यानंतर असे आढळले की, जेथे दुसरे वाहन गुंतलेले होते अशा अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रसंगी त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा अग्रहक्क डावलला होता. आणि त्याचे प्रमुख कारण मोटारसायकल वेळेत न दिसणे हे होते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये याच मुद्द्याचा प्रयोग केला. सहभागींना रस्त्यावरील दृश्यांची छायाचित्रे दाखवली आणि शेवटच्या छायाचित्रात काहींना अनपेक्षितपणे मोटारसायकल, तर काहींना टॅक्सी दाखवली. मोटारसायकल दाखवलेल्यांपैकी ६५ टक्के लोकांना ती दिसलीच नाही. टॅक्सी न दिसणारे ३१ टक्के होते. डोळे उघडे होते, नजरही तिकडे होती. मेंदू मात्र मोठ्या वाहनांचाच शोध घेत होता.

याचा अर्थ कारचालक निर्दोष ठरतो असा नाही. पाहण्याची जबाबदारी त्याचीच आहे. मात्र ‘त्याने मला मुद्दाम दाबले’ आणि ‘त्याला मी दिसलोच नाही’ या दोन समजुतींतून निर्माण होणारा राग सारखा नसतो. पहिल्यात सूड आहे, दुसऱ्यात सावधगिरी. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो दुचाकी दिसावी यासाठीच. अनेक जण अजूनही त्याला बॅटरीची उधळपट्टी समजतात, आणि समोरून येणारे हात मुठी उघडझाप करून दिवा चालू असल्याची खूण करतच राहतात.

तरीही काही वेळा चालकाला दुचाकी दिसलेली असते आणि तो गाडी पुढे दामटतो, हे नाकारून चालणार नाही. रस्त्यावर वाहनाच्या आकाराची आणि किमतीची एक अलिखित उतरंड असते. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात अँथनी डूब आणि अॅलन ग्रॉस यांनी हिरवा दिवा लागल्यावरही मुद्दाम जागची न हलणारी कार उभी करून मागच्यांच्या वर्तनाची नोंद घेतली. कार जुनी, साधी असेल तर हॉर्न लवकर वाजे. ती महागडी, चकचकीत असेल तर लोक बराच वेळ निमूट थांबत. अर्धशतकापूर्वीचा, सातासमुद्रापलीकडचा हा प्रयोग मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या चौकात अनोळखी वाटू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. तरीही आतला चेहरा दिसत नाही अशी वाहने रस्त्यावर आढळतात, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्याविषयी वाईट कल्पना करणे फार सोपे जाते.

ऊन आणि उघडी खिडकी

मराठवाड्यातील दुचाकीस्वाराच्या रागाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत परभणी जिल्ह्यात पारा चाळीस अंशांवर जाणे नवीन नाही. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरात डग्लस केनरिक आणि स्टीव्हन मॅकफार्लेन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाढत्या तापमानाबरोबर चालकांचे हॉर्न वाजवणेही वाढत गेल्याचे आढळले. हा परिणाम ज्यांच्या गाडीच्या खिडक्या उघड्या होत्या, म्हणजेच ज्यांना वातानुकूलनाचा आडोसा नव्हता, त्यांच्यात अधिक ठळक होता. दुचाकीला तर खिडकीच नाही. दुपारी दोन वाजता परभणीहून निघालेल्या माणसाची सहनशक्ती पोखर्णी-दैठणा ओलांडेपर्यंत निम्मी झालेली असते. त्यात तहान आणि उपाशी पोट यांची भर. अशा माणसाला कारने कट मारला तर त्याच्या प्रतिक्रियेतील किती वाटा कारचा आणि किती उन्हाचा, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. उन्हाळ्यात लांबच्या फेरीत मध्ये एकदा सावलीला थांबून पाणी पिणे हा राग आवरण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणी उपाय म्हणून सांगत नाही.

पाठलागाचा हिशेब

कट मारून गेलेल्या कारला गाठायचे, तिच्या बरोबरीने गाडी चालवत दोन शब्द सुनवायचे किंवा पुढे जाऊन आडवी लावायची, ही या रागाची नेहमीची वाट. तिचा हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. कारच्या काचेकडे पाहत हातवारे करण्यात दोन सेकंद गेले तर चौतीस मीटर रस्ता न पाहताच मागे पडलेला असतो. त्या चौतीस मीटरमध्ये खड्डा असू शकतो, म्हैस असू शकते, शेतातून वर येणारी बैलगाडी असू शकते. संतापलेल्या माणसाची नजर एका लक्ष्यावर खिळते आणि कडेचे दिसेनासे होते. मुठी आवळल्या जातात आणि अॅक्सिलरेटर नकळत पिळला जातो.

या झटापटीत दोन्ही पक्ष समबल नसतात, हे तर आणखी भयंकर. ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळुरूत एका दुचाकीचा कारच्या आरशाला ओझरता धक्का लागला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कारमधील दाम्पत्याने दुचाकीचा पाठलाग करून तिला धडक दिली आणि त्यात दुचाकी चालवणारा, घरपोच सामान पोहोचवण्याचे काम करणारा तरुण मरण पावला. तेथे पाठलाग कारने केला होता. मात्र दुचाकीने केलेल्या पाठलागातही शेवटी डोके पत्र्यावर आपटते ते दुचाकीवाल्याचेच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ७४ हजार ८९७, म्हणजे शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरचे होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातल्याने ५० हजार २९ मृत्यू झाल्याची नोंद आहे. हेल्मेटविषयी जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हेल्मेटच्या आतून दिलेली शिवी कारच्या बंद काचेपलीकडे पोहोचत नाही. ती ऐकतो देणारा, आणि मागे बसलेले त्याचे मूल.

‘वाफ काढून टाकली की बरे वाटते’

राग मनात ठेवू नये, बाहेर काढून टाकावा, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. जोराने हॉर्न दाबणे, ओरडणे, रिकाम्या रस्त्यावर गाडी सुसाट सोडणे हे तिचेच प्रकार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने चिडवणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारले, दुसऱ्याने व्यायामाचा विचार करत मारले, तिसरा नुसता शांत बसून राहिला. ठोसे मारणारा पहिला गट शेवटी सर्वाधिक चिडलेला निघाला. काहीच न करणारा गट सर्वांत कमी. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी किएरविक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांसारख्या गोष्टींनी राग कमी होतो, तर उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी तो एकूणात कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. गाडी सुसाट सोडणे ही उत्तेजना वाढवणारीच गोष्ट होय.

चालत्या गाडीवर डोळे मिटून ध्यान करता येत नाही, हे उघड आहे. त्यामुळे दुचाकीस्वारासाठी उपाय हातांपासून सुरू होतो. हँडलवरची पकड जाणीवपूर्वक सैल करावी, खांदे खाली सोडावेत, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. असे चार-पाच श्वास झाले की अॅक्सिलरेटरवरचा हात आपोआप हलका होतो. वेग थोडा उतरवून त्या कारला मुद्दाम पुढे निघून जाऊ द्यावे. ती दिसेनाशी होणे हाच अर्धा उपचार आहे, कारण दृष्टीसमोर असेपर्यंत मन तिचीच उजळणी करत राहते. हात थरथरत असतील, कानशिले तापली असतील, तर पुढच्या चहाच्या हॉटेलवर दहा मिनिटे थांबणे श्रेयस्कर. मागे बसलेली पत्नी ‘अहो, जाऊ द्या’ म्हणते, तेव्हा बहुतेकांना तो पराभवाचा सल्ला वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी दोघांपैकी रस्ता तिलाच नीट दिसत असतो.

डेफेनबाकर यांच्या गटाने रागीट चालकांवर शिथिलीकरण आणि विचारबदल अशी दुहेरी पद्धत वापरून पाहिली आणि तिचा उपयोग झाल्याचे आढळले. विचारबदल म्हणजे स्वतःशी बोलली जाणारी भाषा बदलणे. ‘याला धडा शिकवलाच पाहिजे’ याऐवजी ‘हा माणूस धोकादायक आहे, याच्यापासून लांब राहावे’ असे म्हटले तर वस्तुस्थितीही अधिक अचूक सांगितली जाते. यात क्षमा वगैरे करण्याची गरज नाही. राग रास्त असू शकतो. फक्त त्याच्या हाती अॅक्सिलरेटर देता येत नाही.

प्रसंग मुळात कमी यावेत यासाठीही काही करता येते. उसाच्या ट्रॉल्यांची रांग समोरून येताना दिसली की तिच्यामागून एखादे वाहन बाहेर पडणारच, असे धरून आधीच वेग उतरवावा. कारच्या मागील कोपऱ्याशी रेंगाळू नये. तो भाग चालकाच्या आरशात येत नाही. फाट्यावर उभ्या असलेल्या कारच्या चालकाच्या डोळ्यांत पाहून तो थांबेल असे मानण्यापेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक हलले की गाडी निघाली. बाजारपेठेत रस्त्यालगत उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढे अंतर राखावे. रात्री समोरून फुल लाइट आला तर आपणही फुल लाइट मारून उत्तर देण्याची ऊर्मी होते. त्याने दोन्ही चालक आंधळे होतात. एकदा डिपर देऊन नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवणे आणि वेग कमी करणे एवढेच हाती असते.

कायदा दोन्ही बाजूंनी

धोकादायक वाहन चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली कारवाई होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणे, उलट दिशेने वाहन चालवणे, हातात मोबाइल धरून वाहन चालवणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ हेही बेदरकार वाहन चालवण्याबद्दलच आहे.

पण कार अडवून धरली तर तीच संहिता दुचाकीस्वाराकडे वळते. एखाद्याची वाट अडवणे कलम १२६ खाली, मारहाण कलम ११५ खाली, काच किंवा आरसा फोडणे कलम ३२४ खाली येते. मूळ चूक कोणाची होती, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांचे प्रकरण याबाबतीत सर्वज्ञात आहे. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात गाडी उभी करण्यावरून झालेल्या वादात ६५ वर्षांच्या गुरनामसिंग यांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सिद्धू यांना एक हजार रुपये दंड केला आणि १९ मे २०२२ रोजी पुनर्विलोकनात तो वाढवून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. काही मिनिटांच्या वादाचा निकाल लागण्यास ३३ वर्षांहून अधिक काळ गेला.

प्रत्यक्ष अपघात झाल्यास रस्त्यावर जमणाऱ्या गर्दीचा राग हा वेगळाच विषय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाचा प्रक्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे अन्य कारण असल्यास त्यातून सूट आहे. म्हणजे गर्दीने चालकाला बदडायला सुरुवात केली की पळून जाण्यास त्याला कायद्यातच आधार सापडतो, आणि जखमीला दवाखान्यात नेऊ शकणारे सर्वांत जवळचे चारचाकी वाहन निघून जाते. अशा वेळी चालकाभोवती जमणाऱ्यांपैकी दोघांनी जखमीकडे वळून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलावले तर फरक पडतो. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ खाली संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

वाहनाचा क्रमांक टिपण्याचे महत्त्व येथे येते. धडक देणारे वाहन अज्ञात राहिले तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेनुसार मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. क्रमांक हाती असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीकडून उत्पन्न, वय आणि अवलंबितांची संख्या यांच्या आधारे भरपाई मागता येते, आणि ती अनेक पटींनी अधिक असू शकते. न्यायाधिकरण जखमीचाही निष्काळजीपणा तपासते. त्याने रागाने पाठलाग केला होता असे निष्पन्न झाले तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाऊ शकते.

क्रमांक लक्षात ठेवण्याची सवय करता येते. परभणीची नोंदणी एमएच २२, शेजारच्या बीडची एमएच २३, अंबाजोगाईची एमएच ४४, लातूरची एमएच २४, नांदेडची एमएच २६. गंगाखेड परिसरात दिसणारी बहुतेक वाहने याच पाचांतील असल्याने सुरुवातीची अक्षरे पाठच असतात. लक्षात ठेवायचे ते शेवटचे चार आकडे आणि गाडीचा रंग. ते मोठ्याने दोनदा उच्चारावेत, मागे बसलेल्यालाही उच्चारायला सांगावे आणि गाडी थांबवल्यावरच मोबाइलमध्ये वेळ व ठिकाणासह लिहून ठेवावेत.